गाडीवरचं नाव

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही सवय गिरणीनं लावली. मुखेडला आमचं घर आणि अण्णांची पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्या भिंतीतल्या कोनाड्यातली कुंकवाची डबीसुद्धा थरथरत थरथरत कडेला यायची, आणि येता-जाता जो कुणी बघेल त्यानं ती मागं सरकवायची. आज मी लातुरात मुलाकडं राहते, शांत फ्लॅट आहे, तरी आवाज खाली येत नाही. सून म्हणते, "आई, नांदेडला असंच ऐकू जातंय, फोन कशाला लावला?" म्हणू दे. इंजिनाशेजारी वाढलेल्या माणसाला दुसरं काय येणार!

पीठ तर सगळीकडं असायचं. अण्णांच्या भुवयांवर, रांजणाच्या झाकणावर, माझ्या शाळेच्या दप्तरावर. माय दिवसातून कितीदा तरी अंगण झाडायची आणि दर वेळी गिरणीकडं बघून अण्णांना शिव्या घालायची. त्या त्यांना ऐकू जायच्या नाहीत, म्हणून संसार टिकला. तिची येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर करडईचं तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, हे जेवण मी अजून कुणाच्या हातचं तसं खाल्लेलं नाही. करडईचं तेल म्हणजे मायचा जीव होता. घाण्यावरून डबा यायचा आणि मग ते भाकरीवर, केसांना, कुरकुरणाऱ्या दाराला, दुखऱ्या गुडघ्याला, गाईच्या शिंगांना, जिथं म्हणून काही बिनसलं असेल तिथं जायचं. डॉक्टरवर तिचा तेवढा भरवसा नव्हता.

या इंजिनाचं धुराडं पत्र्याच्या भिंतीतून बाहेर काढलेलं होतं आणि वरच्या लाकडी तुळईला ते जवळ यायचं. तुळई काळी पडायला लागली तेव्हा अण्णांनी नांदेडहून पांढरी दोरी आणली. ॲस्बेस्टॉसची, जाड, हाताला कापसासारखी लागायची. ती त्यांनी धुराड्याला वेढे घेत घट्ट गुंडाळली आणि मध्ये तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडवा बसवला. तुळई वाचली. अण्णांना त्याचा एवढा अभिमान की दळण घेऊन आलेल्या बायकांनासुद्धा ते सांगायचे, "हात लावून बघा की! इंजिन तापलंय, पन दोरी गार हाय." ती दोरी छातीला वाईट असते, फुफ्फुसात जाते, असं आता माझा मुलगा सांगतो. त्या वेळी आम्हाला तिच्यात वाईट काहीच दिसलं नाही, आणि जे वाईट झालं ते तर भलत्याच वाटेनं आलं.

माझा थोरला भाऊ दिनकर, आम्ही त्याला दादा म्हणायचो, ओढ्यापलीकडच्या एका खेड्यात शाळेवर मास्तर होता. त्याचं लग्न लातूरच्या सुमनशी झालं. तिचे वडील हायस्कुलात शिकवायचे, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून आम्हीही गुरुजीच म्हणायला लागलो. त्यांनी लग्नात मोटरसायकल दिली. आम्ही मागितली नव्हती. पण नकोही म्हटलं नव्हतं. खरं ते लिहावं. लाल रंगाची गाडी, आणि सीटखाली दोन्ही अंगांना प्लास्टिकची लाल झाकणं. लेकीला दिलेल्या घागरीवर, ताटांवर नाव घालतात ना, तसं गुरुजींनी उजव्या अंगाच्या झाकणावर पेंटरकडून नाव घालून घेतलं होतं. पिवळ्या अक्षरांत: चि. सौ. कां. सुमन हिस सप्रेम भेट, आई-बाबा. अण्णा हसले होते. "घागर घरात ऱ्हाते गुरुजी, ही गावभर फिरनार!" गुरुजीही हसले. "फिरू द्या की. नाव लेकीचंच हाय."

सुमनवहिनी आली आणि आमच्या घरात इंजिनापेक्षा मोठा आवाज झाला. काय हसायची ती! पहिल्याच दिवशी आरशात बघून म्हणाली, "बरं झालं बाई, ह्या घरात पावडर फुकटात हाय." मायला ती आत्याबाई म्हणायची आणि तिच्या तेलाच्या डब्याची नक्कल करायची. ठेच लागली की कळवळून, "आत्याबाई, तेल!" माय वरवर चिडायची आणि पदराआड हसायची. मी तेव्हा बारावीत होते. भावाच्या बायकोवर कुणी इतकं प्रेम करत असेल का, ठाऊक नाही, मी केलं. मला घरात बोलायला कुणीतरी मिळालं होतं.

पावसाळ्यात ओढा भरला. दादाच्या गाडीचा सायलेन्सर खाली, त्यात पाणी शिरायचं आणि गाडी पाण्यात बंद पडायची. शाळा चुकायला लागली तेव्हा दादानं नांदेडला जाऊन पाइप वर घेऊन वेल्डिंग करून आणला. आता ओढा आरामात पार व्हायचा. पण तो वर आलेला पाइप उजव्या झाकणाच्या अगदी बुडाशी आला. काही दिवसांनी गाडी अंगणात लागली की एक वास यायला लागला. जळक्या प्लास्टिकचा, गोडसर, घशात बसणारा. आधी वाटलं, शेजारी कुणी कचरा पेटवलाय. मग एकदा वहिनी गाडी पुसता पुसता थांबली आणि मला हाक मारली. झाकणावर, नावाच्या शेवटच्या अक्षरावर, तपकिरी डाग आला होता. सुमनमधला 'न' करपून फुगला होता.

"बघा वो, मी बी करपले," वहिनी हसत म्हणाली.

मायनं हातातली परात खाली ठेवली. ती हसली नाही. जवळ येऊन तिनं त्या फुगलेल्या अक्षरावर बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं. "असं बोलू नाही माय," ती म्हणाली. "पोरीचं नाव जळून राहिलं आन् तुमी हसता?"

तिला काय आठवलं ते मला लगेच कळलं. आमच्याच गल्लीत, वहिनी येण्याच्या आधी, एक सून जळून गेली होती. स्टोव्ह भडकला म्हणाले. कुणी ते मानलं नाही आणि कुणी तोंडही उघडलं नाही. माय त्या घरी भेटायला गेली होती, आल्यावर आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून 'सून' आणि 'जळाली' हे दोन शब्द जवळ आले की ती कानावर हात ठेवायची. आता तिच्याच अंगणात सुनेचं नाव रोज थोडंथोडं करपत होतं. दादा गाडी बाहेर काढायचा आणि ती स्वयंपाकघरातून धावत यायची, आज कुठवर आलं ते बघायला. 'न' पुरता गेला. 'म'लाही काळी कड आली. वास आता घरातही यायचा, भाताला, धुतलेल्या कपड्यांनाही. दादा वैतागला. "प्लास्टिक हाय माय ते! तापलं की करपनारच." माय म्हणाली, "मग तापू देऊ नगस."

त्यात दसरा जवळ आला. लग्नानंतरचा पहिला दसरा, दादा-वहिनीनं लातूरला गुरुजींना सोनं द्यायला जायचं ठरलं होतं. सासऱ्यानं लेकीचं नाव घालून दिलेली गाडी आणि ते नावच जळकं, असं घेऊन दारात जायचं? मायनं अण्णांच्या मागं लकडा लावला. अण्णांना काय, त्यांना उपाय पाठ होता. इंजिनाच्या वेळची उरलेली पांढरी दोरी माळ्यावर होतीच. एका दुपारी गिरणी बंद ठेवून ते अंगणात बसले, पाइपाला वेढ्यावर वेढा देत दोरी आवळली, तारेनं बांधली, आणि दोरी नि झाकण यांच्यामध्ये पत्रा कापून बसवला, वरून वाकवून, म्हणजे धग झाकणाकडं न जाता मागं निघून जाईल. मग पेंटरला बोलावून नाव पुन्हा घातलं. दादा ओढ्यापलीकडं जाऊन आला. अण्णांनी सगळ्यांना जमवलं. "हात लावा झाकनाला. लावा लावा." झाकण गार होतं. वास गेला होता. सुमनमधला 'न' पिवळाजर्द चमकत होता.

मायनं दोन्ही हातांनी वहिनीची अलाबला घेऊन बोटं मोडली. किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

इथं लातुरात आमच्या गल्लीतली पोरं हल्ली गाडीच्या पाइपाला शोभेसाठी कसल्याशा पट्ट्या गुंडाळतात. मी खाली उतरून त्यांना दम देते. म्हातारीला काय कळतंय, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. मला एवढंच कळतं, की गुंडाळलं म्हणजे धग जात नाही. ती आत बसते. आम्हाला बाहेरचं झाकण गार लागलं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं सगळं लोखंड धुऊन, तेल लावून पुजायचं. विळी, कुऱ्हाड, गिरणीचे पाने, इंजिन. त्या वर्षी गाडीही रांगेत आली. दादानं ती धुतली, वहिनीनं झेंडूची माळ घातली. मी ताट धरलं होतं. मायनं वाटीतलं करडईचं तेल हँडलला लावलं, चाकांना लावलं, आणि मग ती उजव्या अंगाला येऊन खाली बसली. त्या दोरीवर तिनं तेलाचं बोट ठेवलं. दोरीनं ते पिऊन टाकलं. तिनं धार सोडली, तीही गेली. "बघ गं, किती तहानली हाय," माय म्हणाली. जिनं पोरीचं नाव राखलं तिला कोरडं कसं ठेवायचं? तिनं वाटी पुन्हा भरून आणली आणि सावकाश, वेढ्यावेढ्यात मुरेल अशी, सगळी ओतली. वर हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "माझ्या पोरीला सांभाळ बाई." वहिनी मागून म्हणाली, "आत्याबाई, आता भाकरीवर घालायला ठेवा थोडं!" सगळे हसले. अण्णा गिरणीत इंजिनाची पूजा करत होते, त्यांनी पाहिलं नाही. आणि पाहिलं असतं तरी ते काय म्हणाले असते? लोखंडाला तेल लावायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. वहिनीनं नवी जॉर्जेटची साडी नेसली होती, हिरवी, तिच्या आईनं धाडलेली. ती एका अंगावर बसली, पाय डावीकडं, पदर मागून उजवीकडं लोंबत होता. मायनंच तो उचलून तिच्या हातात दिला. "चाकात जाईल, धरून बस." गाडी सुरू झाली आणि उजव्या अंगानं पांढरा धूर निघाला, पातळ, तळणीचा वास असलेला. मायनं विचारलं, "हे काय रे?" दादा म्हणाला, "तुजंच तेल हाय. जरा पुढं गेलं की उडून जाईल." गाडी गल्लीच्या वळणावर गेली, धुराची रेघ तिच्या मागं राहिली आणि तरंगत तरंगत आमच्याच अंगणात परत आली. आम्ही पुरणाची डाळ शिजत घातली होती. तो वास दुपारपर्यंत डाळीच्या वासातून वेगळा येत राहिला आणि माय सारखी दाराशी जाऊन उभी राहात होती.

पुढचं दादानं सांगितलेलं. लातूरच्या वाटेवर शिरूरच्या अलीकडं चढ लागला, गाडी तापली. धूर कमी व्हायच्या ऐवजी वाढला म्हणून बघावं असं ठरवून त्यानं गाडी कडेला घेतली. चालत्या गाडीत वाऱ्यानं जे दबून होतं ते थांबताच भडकलं. दोरी जळत नव्हती. दिव्यात वात जशी तेल ओढून घेते आणि तेल जळतं, तसं ती दोरी मायचं तेल पुरवत होती. आणि अण्णांचा पत्रा आपलं काम चोख करत होता. त्यानं जाळ झाकणाकडं जाऊ दिला नाही, मागं वळवला, जिथं उतरताना वहिनीचा हातातला पदर सुटून लोंबला होता. पदर पेटला. जॉर्जेट ते, अंगाला चिकटलं. शेजारच्या शेतात सोयाबीन काढणारी माणसं गोणपाटं घेऊन धावली, तिला मातीत लोळवलं. एका टेम्पोवाल्यानं दोघांना लातूरच्या दवाखान्यात पोचवलं.

आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. दादाचे दोन्ही भाजलेले हात पट्ट्यांत बांधलेले. वहिनीची पाठ आणि उजवा हात खांद्यापासून भाजला होता. काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. आणि व्हरांड्यात ते सुरू झालं होतं. "लग्नाला वर्ष न्हाई झालं." "सून जळाली म्हनं मुखेडची." ज्या शब्दांना माय इतकी घाबरायची ते तिच्या अवतीभवती बोलले जात होते, हळू आवाजात, पण इंजिनाच्या गोंगाटात बोलणं टिपणारे आमच्या घरचे कान ते, सगळं ऐकू येत होतं. हवालदार आला. गाडी कशी पेटली, त्यानं विचारलं. दादा सांगायला लागला, इंजिनाची दोरी, पाइप, पूजा, तेल. हवालदाराला त्यातला एकच शब्द लागला.

"तेल? तेल कुनी वतलं?"

दादानं मायकडं बघितलं. अण्णांनी मायचा दंड धरला. मायनं तो सोडवून घेतला आणि पुढं झाली.

"म्या वतलं," ती म्हणाली. "वाटी भरून वतलं. दोनदा."

गुरुजींनी पहिल्यांदा मान वर केली. त्या माणसाच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला आयुष्यात पुन्हा कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. "का?" एवढंच ते म्हणाले. मायला सांगता येईना. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. हवालदारानं तिला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, उठायचं नाही, पोरीचा जबाब होऊ दे. आता सगळं वहिनीच्या एका शब्दावर होतं, आणि वहिनी शुद्धीवर नव्हती. ती बोललीच नाही तर? माय बाकावर ताठ बसून राहिली. पाणी दिलं तर घेतलं नाही. मी तिच्या पायाशी बसले. तिच्या अंगाला करडईच्या तेलाचा वास येत होता, जन्मापासूनचा ओळखीचा, आणि मला त्या वासाची भीती वाटत होती. स्वतःच्या आईच्या वासाची!

दुसऱ्या दिवशी वहिनीनं डोळे उघडले. तहसील कचेरीतले साहेब जबाबाला आले. आम्हाला कुणाला आत सोडलं नाही. फक्त दार नीट लागत नव्हतं, आणि गुरुजी त्या दाराला खेटून उभे होते. आतून साहेबांचा आवाज आला. "तेल कुणी ओतलं?"

मग वहिनीचा आवाज, फाटलेला.

"आत्याबाईंनी."

गुरुजींनी डोळे मिटले. मायनं मान खाली घातली, तिनं स्वतःही तेच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

"गाडीवर माझं नाव हाय," वहिनी म्हणाली. श्वास घेतला, पुन्हा म्हणाली. "ते जळाय लागलं व्हतं. ते जळू नाही म्हनून सासऱ्यांनी दोरी बांधली. आत्याबाईंनी पूजा केली. माझ्यासाठी केली वो." मग म्हणाली, "त्यांला पानी द्या कुनी तरी. त्या घेनार न्हाईत, बळंच द्या."

पाणी गुरुजींनी आणलं. पेला त्यांनी मायपुढं धरला. ती पाणी न घेता त्यांच्या पायावर पडली आणि तेव्हा तिचा आवाज फुटला. गिरणीवरच्या बाईचा आवाज. सगळ्या दवाखान्यानं ऐकला.

वहिनी वाचली. पण पुढचे कितीतरी महिने ती लातूरलाच होती, दवाखान्यात आणि मग माहेरी. दादा शनिवारी एस.टी.नं जायचा. गाडी आमच्या अंगणात पोत्याखाली झाकून ठेवली होती. मायनं स्वयंपाकात तेल घालणं जवळजवळ सोडलं. ती झोपत नसे. दुपारी जरा पडली की दचकून उठायची, अंगणात जायची आणि पोतं उचलून झाकणाकडं बघायची. सीटची कड वितळली होती, मागचा दिवा गेला होता. झाकणाला साधा चरासुद्धा नव्हता. सुमन, पिवळ्या अक्षरांत, कालच घातल्यासारखं. अण्णांनी ते झाकण काढून टाकतो म्हटलं तर ती त्यांच्या अंगावर धावून गेली. "नाव हाय तिचं! हात लावू नगा."

उन्हाळा सरता सरता गुरुजी वहिनीला घेऊन स्वतः आले. ती वाळली होती. उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता आणि हसणं आधीसारखं लगेच येत नव्हतं. मायनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पण तिला शिवली नाही. हात मागं घेऊन भिंतीशी उभी राहिली. वहिनीनं ते पाहिलं. अंगणात गेली, पोतं बाजूला केलं आणि मला म्हणाली, "शके, गिरनीतून पाना आन. आन् राकेल."

तिनं ते झाकण माझ्याकडून काढून घेतलं आणि मायच्या समोर जमिनीवर बसून मांडीवर ठेवलं. राकेलात चिंधी बुडवून डाव्या हातानं घासायला लागली. राकेलाच्या वासानं माय पांढरीफटक झाली. "नगं गं पोरी, नगं, नाव हाय तुजं." वहिनी घासतच राहिली. आई-बाबा गेलं, सप्रेम गेलं. सुमन लवकर जाईना, तेव्हा तिनं नखानं खरवडलं. गुरुजी दाराच्या चौकटीला धरून बघत होते. शेवटी नुसतं लाल प्लास्टिक राहिलं. वहिनीनं ते वर धरून मायला दाखवलं.

"झालं," ती म्हणाली. "आता जळू दे न्हाई तर करपू दे. आत्याबाई, ह्याला जपायचं काम संपलं. या, माज्या डोक्याला तेल घाला. कवापासून कुनी घातलं न्हाई."

माय आत गेली, डब्यातनं वाटी भरून आणली आणि वहिनीच्या मागं बसली. पहिल्यांदा तेल घेतलं तेव्हा तिचा हात तसाच हवेत राहिला. वहिनीनं मागं न बघता तो धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. भिंतीपलीकडं अण्णांनी इंजिन चालू केलं होतं. त्या दुपारी माय तिथंच, भिंतीला टेकून, तेलाच्या हातांनी झोपली, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही तिला उठवलं नाही.